झेफिर गाडी, मित्राची रायफल आणि तुझा एफ-वन व्हिसा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये उभे आहेत आणि इयरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि "म्हणजे... अं..." तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आला. पाठवणारा मूळचा साताऱ्याकडचा, सध्या शिकागोजवळ एम.एस. करतोय. त्याचा प्रश्न जवळपास त्याच्याच शब्दांत देतो: "दादा, आम्ही चौघं शिकागोहून डेन्व्हरला कॅलिफोर्निया झेफिरने चाललोय. माझा अमेरिकन रूममेट पुढे कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला जाणार, त्याच्याकडे रायफल आहे. त्याच्या दोन बॅगा आधीच भरल्यात. तो म्हणतोय की रायफलची पेटी नाहीतर निदान गोळ्यांचा डबा तुझ्या तिकिटावर चेक-इन कर, तुझं सामान कमीच आहे. करू का?"

नाही. अजिबात नाही. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण अर्धे लोक दोन मिनिटांनी पुढच्या एपिसोडवर जातात. का नाही, ते आता सविस्तर बघू.

आधी गाडीबद्दल. कॅलिफोर्निया झेफिर ही ॲमट्रॅकची गाडी शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंत जाते. अंतर २,४३८ मैल, वेळ साधारण ५२ तास, राज्यं सात. पोचायची घाई असलेला माणूस विमान धरतो. या गाडीत बरेचजण बसतात ते रॉकी पर्वत बघायला, म्हणून मी तिला सरळ टुरिस्ट गाडीच म्हणतो. या गाडीतून बंदूक नेता येते हे ऐकून आपल्याकडच्या लोकांच्या भुवया उंचावतात. येते, पण प्रवाशाच्या हातात नाही.

यामागे थोडा इतिहास आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ॲमट्रॅकने चेक-इन सामानातसुद्धा बंदुका घेणं बंद केलं. शिकारी आणि नेमबाजीवाली मंडळी कुरकुरत होती की विमानात चालतं ते रेल्वेत का नाही. २००९ मध्ये मिसिसिपीचे सिनेटर रॉजर विकर यांनी दुरुस्ती आणली: बंदुका नेऊ द्या, नाहीतर सरकारी पैसा बंद. सिनेटमध्ये ती ६८ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाली. शेवटी जो कायदा झाला त्यात ॲमट्रॅकला तयारीसाठी वर्षभर मिळालं, आणि १५ डिसेंबर २०१० पासून सोय पुन्हा सुरू झाली. मला यातली गंमत अशी वाटते की रेल्वेने हे आपणहून केलेलं नाही, बजेटचा कान पिळून तिच्याकडून करून घेतलंय. आजच्या नियमांत तो सावधपणा दिसतो.

आता नियम. तिकीट ऑनलाइन काढता येतं, पण बंदुकीची नोंद ऑनलाइन होत नाही. गाडी सुटायच्या किमान २४ तास आधी फोन करून सांगावंच लागतं. बंदूक रिकामी हवी. ती कडक कवचाच्या, कुलूप लावलेल्या पेटीत हवी. पेटीची कमाल लांबी ६२ इंच, रुंदी १७, जाडी ७, वजन ५० पौंडांपर्यंत. पिस्तूल असेल तर त्याची छोटी कुलूपबंद पेटी मोठ्या सुटकेसमध्ये ठेवून ती सुटकेस चेक-इन करायची आणि आत काय आहे ते जाहीर करायचं. गोळ्या कंपनीच्या मूळ खोक्यात, किंवा गोळ्यांसाठीच बनवलेल्या लाकडी, फायबर वा धातूच्या डब्यात, एकूण वजन ११ पौंड, म्हणजे पाच किलो. स्टेशनवर किमान अर्धा तास आधी पोचायचं (काही मोठ्या स्टेशनांवर त्याहून आधी) आणि दोन भागांच्या घोषणापत्रावर सही करायची. चढायच्या आणि उतरायच्या, दोन्ही स्टेशनांवर सामान चेक-इनची सोय हवी. छोट्या स्टेशनांवर ती नसते, ॲसेला गाडीत तर मुळीच नसते. हे सगळं बीबी गन, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आणि पेंटबॉल मार्कर यांनाही लागू आहे. पेंटबॉल खेळायला निघालेल्या कॉलेजच्या पोरांना हे माहीतच नसतं.

यातला मला सगळ्यात आवडलेला नियम किल्लीचा. पेटीची किल्ली किंवा नंबर फक्त त्या प्रवाशाकडेच असायला हवा, आणि तो प्रवासी त्याच गाडीत हवा. म्हणजे पेटी सामानाच्या डब्यात, जिथे प्रवासी जाऊ शकत नाही, आणि किल्ली प्रवाशाच्या खिशात, जिथे रेल्वेचा हात पोचत नाही. आमच्या कामात पासवर्ड एकाकडे आणि सर्व्हर दुसऱ्याकडे ठेवतात, तसंच. एकट्याने कुणालाच काही करता येत नाही.

विमानतळासारखी मेटल डिटेक्टरची रांग इथे नसते. अधूनमधून बॅगा तपासतात, ॲमट्रॅकचे स्वतःचे पोलीस आहेत, कधी कुत्राही असतो. पण यंत्र नाही म्हणजे परवानगी आहे, असं नाही. राज्याने लपवून शस्त्र बाळगायचा परवाना दिलेला असला, तरी सामान्य प्रवाशाला सीटवर बंदूक घेऊन बसता येत नाही.

आता मूळ मुद्दा, व्हिसा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात कलम ९२२ आहे. कोणी बंदूक बाळगू नये याची यादी त्यात आहे: गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरार आरोपी वगैरे. त्याच यादीत एक ओळ नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांसाठी आहे. एफ-वन, एच-वन-बी, एच-फोर, बी-टू, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळे. आणि मनाई फक्त बंदुकीला नाही, गोळ्यांनाही आहे. त्यामुळे "निदान गोळ्यांचा डबा घे" हा रूममेटचा मधला मार्ग मधला नाहीच, तोही त्याच कलमात बसतो. शिक्षा पूर्वी जास्तीत जास्त दहा वर्षं होती, २०२२ च्या कायद्याने ती पंधरा केली. वर इमिग्रेशन कायद्यात शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढायचं स्वतंत्र कारण आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही ओळ लागू नाही, ते वेगळे.

"पण बंदूक माझी नाहीच!" असं तू म्हणशील. कायदा मालकी विचारत नाही, ताबा विचारतो. तुझ्या नावाचा टॅग, तुझी सही, तुझ्या हातातली पावती. घोषणापत्रावर सही करणं म्हणजे "हे माझ्या ताब्यात आहे" असं स्वतः लिहून देणं.

या बाबतीत हमीद रेहाइफचा खटला माहीत असावा. संयुक्त अरब अमिरातीचा हा तरुण फ्लोरिडात शिकायला आला होता. नापास झाला, विद्यापीठाने काढलं, त्यामुळे राहण्याचा दर्जाही गेला. नंतर तो शूटिंग रेंजवर गेला आणि तिथे बंदूक चालवली. कुणावर रोखली नाही, कुणाला इजा नाही. तरी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जून २०१९ मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल लागला: आपल्याकडे बंदूक आहे आणि आपण मनाई असलेल्या गटात आहोत, या दोन्ही गोष्टी आरोपीला ठाऊक होत्या हे सरकारला सिद्ध करावं लागेल. खालचा निकाल रद्द झाला. आता हा एपिसोड ऐकून "मला ठाऊक नव्हतं" म्हणायची सोय तुमच्याकडे राहिली नाही, सॉरी.

एक अपवाद आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर व्हिसावर असूनही मनाई लागू होत नाही. काही देशी मंडळी रेंजवर जाण्याआधी तो काढून ठेवतात. वाट कायदेशीर आहे, पण परवान्याची मुदत संपली की कवचही संपतं. त्यामुळे आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. मी इंजिनियर आहे, वकील नाही.

आता रूममेटच्या बाजूने बघू. सात राज्यं म्हणजे सात कायदे. मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या मावत असतील तर कॅलिफोर्नियात अडचण, कोलोरॅडोत मर्यादा पंधराची, मधल्या युटात काहीच नाही. मग गाडीतल्या माणसाने काय करायचं? १९८६ च्या फेडरल कायद्यात वाटेतल्या राज्यांसाठी संरक्षण आहे: निघालात तिथे आणि पोचणार तिथे बंदूक कायदेशीर असेल, ती रिकामी आणि हाताबाहेर असेल, तर मधल्या राज्याने अडवू नये. सामानाचा डबा ही अट आपोआप पाळतो.

प्रवास अडखळला की मात्र घोळ होतो. युटाचे ग्रेग रेव्हेल २००५ मध्ये विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाले होते. नेवार्कला पुढची जोडणी चुकली, सामान हातात मिळालं, रात्र हॉटेलात काढली. सकाळी काउंटरवर प्रामाणिकपणे सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे, आणि न्यू जर्सीच्या कायद्याखाली अटक झाली. काही दिवस कोठडीत गेले. आरोप नंतर मागे घेतले, पण त्यांनी केलेला दावा २०१० मध्ये अपील कोर्टाने फेटाळला. कारण काय, तर त्या रात्री बॅग त्यांच्या हाताशी होती. संरक्षण संपलं! झेफिरसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि जोडणी चुकणं अगदी सामान्य आहे. अशा वेळी पेटी ताब्यात न घेता रेल्वेकडेच ठेवता येईल का, हे आधी फोनवर विचारून ठेवायला रूममेटला सांग.

भारतातल्या श्रोत्यांसाठी दोन वाक्यं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन राजस्थानची गाडी धरू नये. काकांची जुनी बॅग उचलून निघालात आणि तळाशी एक काडतूस निघालं, तर "जाणीवपूर्वक ताबा" होता की नाही यावर कोर्टात वाद होतो, पण तोपर्यंत तुमची गाडी सुटलेली असते. बॅग झटकून घ्या, एवढंच.

तर मित्रा, तुझ्या रूममेटचा प्रश्न खरंतर वीस डॉलरचा आहे. ॲमट्रॅक दोन बॅगा फुकट चेक-इन करतं आणि त्यावर आणखी दोन साधारण प्रत्येकी २० डॉलरला घेतं. त्याने पैसे भरावेत, फोन करावा, सही करावी, किल्ली स्वतःकडे ठेवावी. तू त्याच डब्यात, त्याच्या शेजारच्या सीटवर बसायला काहीच हरकत नाही. डेन्व्हरला उतरल्यावरही "जरा पेटी धर, मी गाडी आणतो" म्हणाला तर हात खिशात. आणि पेटीचा नंबर त्याने तुला सांगितला तर लगेच बदलायला लाव.

व्हॉइस नोटमध्ये दुसराही प्रश्न होता: डेन्व्हरच्या पुढे तिकीट वाढवलं तर खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी? कुठलीच नको. साइटसीअर लाउंज नावाचा डबा असतो, दोन्ही बाजूंना काचा, आरक्षण नाही. डेन्व्हरहून गाडी सुटायच्या आधीच तिथे जाऊन बस. पुढे सहा मैलांहून लांब मोफॅट बोगदा लागतो, १९२८ चा. त्यात पूर्ण काळोख असतो, डबा खायला तीच वेळ चांगली.