निलगिरीचे खोड : साल व लाकडाची घनता

वऱ्हाडात, अमरावती व अकोला जिल्ह्यांत, वखर किंवा बैलगाडीसाठी बाभळीचा गाभा निवडण्याची रीत आहे. कारण तो टणक व टिकाऊ असतो. निलगिरीच्या वजनाबाबत मात्र हा आडाखा लागू पडत नाही. लागवडीतील निलगिरीत, झाड कोवळे असताना तयार झालेले मध्याजवळचे लाकूड हलके असते; सालीकडे जावे तसतशी घनता वाढत जाते. यास्तव लवकर तोडलेल्या झाडात हलक्या लाकडाचे प्रमाण अधिक राहते.

सालही सर्वत्र सारखी नसते. बुंध्याशी ती जाड, तर शेंड्याकडे पातळ असते. ८० सेंटिमीटर घेराच्या ओंडक्यावर १ सेंटिमीटर जाडीची साल असल्यास सालीखालचा घेर सुमारे ७४ सेंटिमीटर भरतो व घनफळ सुमारे १५ टक्क्यांनी घटते. म्हणून मोजमाप सालीसह की सालीविना, हे शेतकऱ्याने तोडणीपूर्वीच ठरवून घ्यावे.

ग्रामसेवकांनी बुंध्याजवळची एक चकती पूर्ण वाळवावी. तिच्या मधल्या व कडेच्या भागांतून सारख्या मापाचे ठोकळे काढून ते शेतकऱ्यांसमक्ष तोलावेत. ओल्या लाकडाच्या वजनात पाण्याचाही भार असतो. म्हणून तुलना वाळलेल्या लाकडाचीच करावी.