मार खाऊन मोठी झालेली चिगुसा

२८ ऑगस्ट १९८५. जपानमधल्या ओसाकाजो हॉलमध्ये रिंगच्या मधोमध बसलेली प्रो-रेसलर चिगुसा नागायो. वय वीस. कपाळ रक्ताने माखलेलं आणि डोक्यावरून केस कापायचं मशीन फिरतंय. हरेल तिचं मुंडण, अशी लढतीची अट होती आणि प्रतिस्पर्धी डम्प मात्सुमोतोने चिगुसाला हरवलं होतं. प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी मुली. त्या ओक्साबोक्शी रडत होत्या.

प्रो-रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडचा जाणकार ‘नुरा कुस्ती’ म्हणून नाक मुरडेल. पण निकाल ठरलेला असला तरी उंचावरून पाठीवर पडणं खरंच असतं आणि त्या दिवशी गेलेले केसही खरे होते. मार असा खायचा की शेवटच्या रांगेतल्या मुलीलाही तो लागला पाहिजे, ही चिगुसाची खासियत. जिंकून नाव कमावणारे पुष्कळ असतात. तिने हरून कमावलं.

चिगुसाचा जन्म १९६४चा, नागासाकी प्रांतातल्या ओमुरा शहरातला. लहानपणी ती कराटे शिकली. १९८०मध्ये ती ‘ऑल जपान विमेन्स’च्या रिंगमध्ये उतरली. मात्सुनागा बंधूंनी १९६८मध्ये काढलेल्या या कंपनीचा खाक्या कडक होता. दारू, सिगारेट आणि पुरुष, तिन्ही वर्ज्य. पंचविशीच्या आसपास निवृत्ती हा तर रिवाजच. विशेष म्हणजे डम्पही त्याच वर्षी रिंगमध्ये आलेली. रिंगमध्ये हाडवैर करणाऱ्या या दोघी एकाच तुकडीच्या.

लायनेस आसुकासोबत चिगुसाने ‘क्रश गॅल्स’ ही जोडी जमवली आणि जपानभर वेड पसरलं. १९८४मध्ये दोघींच्या गाण्याची रेकॉर्डही निघाली. समोर डम्पची खलनायिकांची टोळी, हातात साखळ्या आणि बांबूची तलवार. टीव्हीवर हे बघणाऱ्या मुलींना चिगुसाचा नुसता विजय नको होता. मार खाऊनही ती उठते का, हे बघायचं होतं. १९८६च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा तीच अट लागली आणि या वेळी डम्पचं मुंडण झालं.

१९८९मध्ये, चोविसाव्या वर्षी, चिगुसा रिवाजाप्रमाणे निवृत्त झाली. काही वर्षांनी परतली ती मात्र स्वतःच्या अटींवर. १५ एप्रिल १९९५ रोजी तोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये तिच्या ‘गाएआ जपान’ कंपनीचा पहिला कार्यक्रम झाला. त्याच दिवशी तिची पंधरा वर्षांची शिष्या मेइको सातोमुरा पहिल्यांदा रिंगमध्ये उतरली. गाएआ २००५मध्ये बंद पडली, पण सातोमुरा लढत राहिली. तिने सेंदाईत स्वतःची कंपनी उभारली, २०२१मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी यूके विभागाचं महिला विजेतेपद मिळवलं आणि २०२५मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली. पंचविशीचा तो रिवाज गुरू-शिष्या दोघींनीही धुडकावला.

पुढे चिगुसाने ‘मार्वलस’ ही दुसरी कंपनी काढली आणि नव्या मुली घडवणं चालू ठेवलं. २०२४मध्ये डम्पच्या आयुष्यावरची मालिका नेटफ्लिक्सवर आली. त्यातल्या अभिनेत्रींना कुस्तीचे डावपेच शिकवण्याची जबाबदारी चिगुसाकडेच होती.

पट्टे आणि किताब तिच्याकडे आहेतच. पण चिगुसाची खरी कमाई मोजायची तर तिने शिकवलेल्या मुली किती वर्षं रिंगमध्ये टिकल्या, ते मोजावं.