लेसरची मोजपट्टी आणि वाळवंटातील झाडे

पेटीचा भाता तुम्ही पाहिलाच असेल. दाबला की घड्या मिटतात, सोडला की उघडतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात असाच भाता अंगावर असलेला एक निवडुंग आहे. त्याचे नाव सग्वारो. तो बारा मीटरपर्यंत उंच होतो. पण पहिल्या दहा वर्षांत वीतभरही वाढत नाही! त्याच्या खोडावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की मुळे पाणी शोषून घेतात, घड्या उघडतात व खोड फुगते. कोरड्या महिन्यांत तेच खोड आक्रसते. टूसॉन शहराजवळ एका टेकडीवर १९०३ साली वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा निघाली. तेथे एफी स्पॉल्डिंग या संशोधिकेने खोडांची मापे घेतली आणि हा बदल १९०५ साली प्रसिद्ध केला.

पण काट्यांत हात घालून किती झाडे मोजणार?

त्याच वाळवंटात ओकोटियो नावाचे झुडूप आहे. एरवी ते म्हणजे जमिनीत रोवलेल्या काटेरी काठ्यांची मोळीच! पाऊस झाला की थोड्याच दिवसांत काठ्यांवर हिरवी पाने फुटतात, आणि जमीन वाळली की गळतात. वर्षातून असे अनेकदा होते. मग उघडे पडलेले झुडूप मेले आहे की पावसाची वाट पाहत आहे, हे ओळखायचे कसे? उपग्रहाला ते नीट दिसत नाही. झाडे विरळ, पाने बारीक, आणि मधली उघडी जमीनच जास्त चकाकते.

येथे लेसर कामी येतो. तिपाईवर ठेवलेले यंत्र चहूकडे फिरत प्रकाशाचे स्पंद सोडते. स्पंद झाडावर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळते. झाड १५ मीटरवर असेल, तर जाऊन येऊन ३० मीटर. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे या प्रवासाला सेकंदाचा फक्त एक कोटीवा भाग लागतो! करून पाहा हे गणित. अशा लक्षावधी बिंदूंतून झाडाची घन आकृती संगणकावर उभी राहते. काही आठवड्यांनी पुन्हा तेच करायचे. जमिनीत कायम रोवलेल्या खुणांच्या आधारे दोन्ही आकृत्या एकमेकींवर बसवल्या, की कोठे पाने आली व कोठे खोड फुगले ते दिसते.

वाचताना सोपे वाटते, नाही का? प्रत्यक्षात एका फांदीआड दुसरी लपते, म्हणून झाडाच्या तीन-चार बाजूंनी यंत्र मांडावे लागते. पान इतके लहान, की स्पंदाचा अर्धा भाग त्यावर आणि अर्धा मागच्या फांदीवर पडतो; मग यंत्र दोहोंच्या मध्ये, हवेतच, एक खोटा बिंदू दाखवते. असे बिंदू निवडून काढणे हे मोठे किचकट काम.

२०२३ च्या उन्हाळ्यात याच राज्यातील फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सियसच्या वर गेला. तेथे सग्वारोंचे हात गळून पडले, काही तर मुळापासून कोसळले. कोसळलेले झाड कोणालाही दिसते. त्याच्या घड्या आदल्या पावसात पुरत्या उघडल्या होत्या का, हे मात्र आधीची मापे असतील तरच सांगता येते. म्हणून उभ्या झाडांची मापे ऋतूमागून ऋतू घ्यावी लागतात, आणि तीही शक्यतो पहाटे, वाऱ्याने फांद्या हलू लागण्यापूर्वी.