पिशवी जुळेपर्यंत

सकाळी ८:००

रात्रपाळीचा सहकारी रजिस्टर पुढे सरकवतो. चार्ज घेतल्याची सही करण्याआधी मी तापमानं बघते. रक्ताचा फ्रिज ४ अंशांवर आहे. २ ते ६ मध्ये असला की झालं. प्लाझ्माचा डीप फ्रीझर उणे ३० च्या खाली. प्लेटलेट २२ अंशांना, हलत्या ट्रेमध्ये. लाल पेशींची मुदत ४२ दिवस, प्लाझ्माची वर्षभर, प्लेटलेटची जेमतेम ५ दिवस. म्हणून डेंग्यूच्या दिवसांत आमच्या विदर्भातल्या जिल्हा रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांत पहिला फोन येतो तो प्लेटलेटसाठीच.

फळ्यावर शिल्लक लिहिते. बी पॉझिटिव्ह आणि ओ पॉझिटिव्ह बऱ्यापैकी आहे. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या. त्या अपघाताच्या केससाठी राखून ठेवायच्या. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शेकडा पाचच्या आसपास, त्यामुळे त्या कप्प्याकडे दिवसातून चारदा लक्ष जातं.

८:४५

वॉर्डांतून सॅम्पल यायला लागतात. मी आधी चिठ्ठी वाचते, रक्त नंतर. एका ट्यूबवर नुसतं नाव आणि ‘फीमेल वॉर्ड’, नोंदणी क्रमांक नाही. परत पाठवली. दहा मिनिटांत इंटर्न तणतणत खाली आला. “मॅडम, पेशंट सिरियस आहे, नंबर मी आत्ता लिहून देतो ना.” दिला नाही लिहू. ट्यूबवर क्रमांक पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून लिहायचा असतो, माझ्या टेबलापाशी नाही. तो बिचारा पुन्हा तीन मजले चढून गेला. मला वाईट वाटलं, पण फारसं नाही.

मग ग्रुपिंग. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, रंग नसलेलं अँटी-डी. पेशी घातल्या, फिरवल्या, ज्यात गुठळी झाली तो ग्रुप. एवढं कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्येही करतात. आमचं काम इथे अर्धंच होतं. उरलेलं अर्धं उलट्या बाजूने: पेशंटचा सीरम घ्यायचा आणि माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकायचा. बी ग्रुपच्या माणसाच्या सीरममध्ये ए-विरोधी अँटिबॉडी असायलाच हवी, कधी रक्त घेतलेलं नसलं तरी. दोन्ही बाजूंचं उत्तर एकच आलं तरच ग्रुप लिहायचा. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या रक्ताचे सीरम व पेशी एकमेकांत मिसळून १९०१ मध्ये जे मांडलं, त्यात आणि माझ्या सकाळच्या कामात तत्त्वाचा काहीच फरक नाही.

१०:३०

दाते. वजन ४५ किलोच्या वर आहे का, हिमोग्लोबिन १२.५ आहे का. बोटातल्या रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडायचा; सरळ बुडाला तर चालेल, तरंगला तर चहा पाजून परत.

आज एक तरुण दोन रिपोर्ट घेऊन भांडायलाच आला. एका लॅबने बी पॉझिटिव्ह लिहिलंय, दुसरीने बी निगेटिव्ह. “खरं कोणतं न मॅडम? पैसे दोघांनीबी घेतले.” पुढे तपासलं तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा डी कमकुवत निघाला: साध्या चाचणीत दिसत नाही, कूम्ब्स चाचणीपर्यंत नेल्यावर दिसतो. मग त्याला जे सांगितलं ते ऐकून तो आणखीच गोंधळला. तो रक्त देईल तेव्हा त्याची पिशवी पॉझिटिव्ह धरायची, कारण निगेटिव्ह पेशंटच्या शरीराला तो थोडासा डीही खुपू शकतो. पण त्याला स्वतःला रक्त लागलं तर सावधगिरी म्हणून निगेटिव्ह द्यायचं. हे दोन्ही मी त्याच्या कार्डावर लिहून दिलं. असं लिहून न देता नुसता एक शब्द हातात ठेवणाऱ्या रिपोर्टांचा मला राग येतो.

१२:१५

सिकलसेलची मुलगी आली आहे, सोबत बाप. चौदा वर्षांची, बी पॉझिटिव्ह, लहानपणापासून रक्त चढत आलेलं. अशा मुलांना रक्त मोफत असतं आणि बदली दाता मागायचा नसतो, हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं, कारण बाप दरवेळी कुणाला तरी धरून आणतो. या खेपेला भाऊ होता.

फ्रिजमधून बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या काढल्या आणि तिच्या सीरमशी जेल कार्डात क्रॉसमॅच लावला. सेंट्रीफ्यूजमधून कार्ड काढलं, तर एका खान्यात पेशी तळाशी लाल ठिपक्यासारख्या बसलेल्या. म्हणजे जुळलं. शेजारच्या खान्यात पेशी वरच अडकलेल्या, जेलवर लाल रेघ. ग्रुप एक, कप्पा एक, आणि एक पिशवी तिची, दुसरी नाही.

बापाचा प्रश्न बरोबरच होता. “दोन्हीबी बी पॉझिटिव्हच हायेत न? मंग एक काहून जमत नाही?”

कारण ए, बी आणि डी या लाल पेशीवरच्या मोजक्याच खुणा आहेत. एबीओ, आरएच, केल, डफी, किड, एमएनएस धरून चाळीसहून जास्त रक्तगट प्रणाली आज मान्य आहेत. एकट्या आरएचमध्येच डीशिवाय मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई आहेत. एवढं सगळं जुळवून रक्त देत बसलो तर कुणालाच वेळेवर मिळणार नाही. बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. आयुष्यात एखाददुसरी पिशवी लागते. पण वर्षानुवर्षं परक्या पेशी घेणाऱ्या शरीराला कधीतरी त्यातली एखादी खूण नको होते, आणि ते तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. पहिल्या चाचणीत ती दिसत नाही, कारण पेशींना चिकटूनही ती त्यांची गुठळी करत नाही. १९४५ मध्ये कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी तिला पकडायचा उपाय काढला: अँटिबॉडीलाच धरणारी दुसरी अँटिबॉडी घालायची. माझ्या जेल कार्डात तीच भरलेली आहे.

तीन प्रकारच्या पेशींवर तिचा सीरम तपासला. खुणा मोठ्या ई-कडे बोट दाखवतात. पक्कं करायला अकरा पेशींचं पॅनेल लागतं, ते आमच्याकडे नाही. नमुना नागपूरला जाईल. आजची जुळलेली पिशवी तिला दिली. बापाच्या जुन्या, घड्या पडलेल्या कार्डावर लाल शाईने लिहिलं: ‘अँटिबॉडी आढळली, मोठा ई असण्याची शक्यता, क्रॉसमॅच कूम्ब्सपर्यंत करावा.’ हे कार्ड हरवायचं नाही, असं तीनदा बजावलं. काही अँटिबॉडी, विशेषतः किड गटातल्या, काही महिन्यांनी इतक्या उतरतात की चाचणीत सापडतच नाहीत. दुसऱ्या गावच्या रक्तपेढीत सगळं जुळतं, पिशवी लागते, आणि आठ-दहा दिवसांनी ती अँटिबॉडी पुन्हा उसळून चढवलेलं रक्त फोडून टाकते. तिथे वाचवतं ते जुनं कार्डच.

२:००

डबा. मावशींच्या डब्यात हुलग्याची उसळ होती. याच बियांचा अर्क आम्ही ए-वन आणि ए-टू हे ए-चे पोटप्रकार वेगळे करायला वापरतो. बर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्याबद्दल लिहिलं. मावशींना हे सांगून झालंय. त्यांचं मत, खायची वस्तू खावी.

जेवताना नवीन मुलीने बॉम्बे ग्रुपचं विचारलं. सगळ्या नव्यांना त्याचंच कुतूहल. मुंबईच्या केईएममध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया यांना अशा पेशंटचं रक्त सापडलं, जे कुणाशीच जुळेना, ओ-शीही नाही. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच पदार्थच या लोकांत नसतो, म्हणून ओ रक्तही त्यांना परकं. भारतात साधारण दहा हजारांत एक. नुसतं अँटी-ए, अँटी-बी घालून बघणाऱ्याला तो ओ-च वाटेल. उलट्या बाजूने ओ पेशींवर सीरम टाकला की गुठळी दिसते. सकाळी ती तिसरी ओ पेशींची ट्यूब का लावायची, हे तिला तेव्हा उमगलं.

४:४०

प्रसूती वॉर्डातून मागणी. सिझर, रक्तस्राव, दोन पिशव्या. सॅम्पल ए पॉझिटिव्ह आलं, पुढून आणि मागूनही. सवयीने जुनं रजिस्टर उघडलं. हीच बाई, मागच्या बाळंतपणात: बी पॉझिटिव्ह.

ग्रुप बदलत नाही. म्हणजे मागचं चुकलं किंवा ट्यूबमधलं रक्त तिचं नाही. आणि इथे क्रॉसमॅच उपयोगाचा नव्हता. मी ए पिशवी लावली असती तर ती सुरेख जुळली असती, कारण जुळवत होते त्या ट्यूबमधल्या रक्ताशी. ते रक्त ज्या शरीराला चढणार त्या शरीरात ए-विरोधी अँटिबॉडी लहानपणापासूनच तयार बसलेली. मग थंडी, कंबरदुखी, लाल लघवी, मूत्रपिंडं निकामी. काही जणांना तीस-चाळीस मिलिलिटरही पुरतं.

वॉर्डात फोन केला. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाच्या दोन बायका, आडनावं वेगळी. दोघींचीही नवी सॅम्पल मागवली, कारण एकीचं चुकलं तर दुसरीचंही चुकलेलं असणार. सिस्टरने स्वतः घेऊन आणली. पहिली बी पॉझिटिव्ह, दुसरी ए. बी-ची पिशवी पावणेसहाला गेली, तोवर सगळ्यांचे जीव टांगणीला. दुर्मीळ ग्रुपांवर लोक तावातावाने बोलतात. मी मात्र या नोकरीत सगळ्यात जास्त घाबरते ती चुकीच्या चिठ्ठीला.

७:३०

दिवसभरात दिलेल्या प्रत्येक पिशवीची पायलट ट्यूब, म्हणजे तिच्यातल्याच रक्ताची छोटी नळी, आणि पेशंटचं सॅम्पल सात दिवसांसाठी फ्रिजात लावून ठेवते. रिअ‍ॅक्शन आलीच तर चौकशी तिथूनच सुरू होते. रजिस्टर पूर्ण करते, ओ निगेटिव्ह अजून दोनच.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात कुणाला वारंवार रक्त लागत असेल तर प्रत्येक पिशवीची आणि सापडलेल्या अँटिबॉडीची नोंद एका कार्डावर ठेवा, आणि नव्या दवाखान्यात ते मागायची वाट न बघता पुढे करा. सॅम्पल घेताना आणि पिशवी लावताना सिस्टरने नाव पुन्हा विचारलं, तर “मघाशी सांगितलं की” म्हणू नका. पूर्ण नाव सांगा, आणि पिशवीवरच्या चिठ्ठीवर तेच नाव, तोच क्रमांक, तोच ग्रुप आहे ना ते स्वतः वाचून घ्या.