कुरआनातलं 'अंतर' आणि माझ्या वहीतली चूक

अनोळखी शब्द आला की आपण शब्दकोश उघडतो. ओळखीच्या शब्दाला मात्र आपलाच अर्थ चिकटवून पुढे जातो. संशोधनात खरा घोळ इथेच होतो.

मी विज्ञान शाखेची. 'अंतर' म्हटलं की मला गणितातली व्याख्या आठवते. तिचा एक नियम असा: 'अ'पासून 'ब' जितका लांब, तितकाच 'ब'पासून 'अ' लांब. हा नियम डोक्यात ठेवून कुरआनाचं भाषांतर वाचायला घेतलं आणि अडकले.

सूरा ५०, आयत १६ मध्ये ईश्वर माणसाला त्याच्या मानेतल्या शिरेपेक्षाही जवळ आहे. सूरा ४१, आयत ४४ मध्ये मात्र न मानणाऱ्यांना जणू लांबच्या ठिकाणाहून हाक येते. मग जवळ की लांब? मी वहीत लिहिलं, 'विसंगती'.

उत्तर सूरा ५६, आयत ८५ मध्ये मिळालं. मरणाऱ्या माणसाभोवती लोक जमलेत. ईश्वर त्यांच्यापेक्षाही त्याच्या जवळ आहे, पण त्यांना ते दिसत नाही. म्हणजे दुरावा जागेचा नसून जाणिवेचा आहे आणि तो एकाच बाजूनं आहे. म्हणूनच सूरा ९६ च्या शेवटी सजदा करून जवळ येण्याची आज्ञा आहे. पाऊलही न टाकता, कपाळ जमिनीला टेकवून जवळ यायचं!

बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत तर मापंच येतात. माणूस वीतभर पुढे आला तर ईश्वर हातभर येतो, हातभर आला तर वावभर. चालत आला तर ईश्वर धावत येतो. इथेही दोन्ही बाजू सारख्या नाहीत, प्रतिसाद नेहमी मोठा आहे.

एक सावधगिरी. भाष्यकारांचं यावर एकमत नाही. मानेच्या शिरेजवळची जवळीक अनेकांच्या मते ज्ञानाची आणि सामर्थ्याची; इब्न कसीर तिथे देवदूतांचा अर्थ घेतात. सूरा ५३ मधलं 'दोन धनुष्यांचं अंतर' अनेकजण जिब्रीलशी जोडतात. त्यामुळे 'कुरआन असं म्हणतो' लिहिण्याआधी 'कोणाच्या वाचनानुसार?' हे विचारा.

तोशिहिको इझुत्सु या जपानी अभ्यासकानं १९६४ च्या 'गॉड अँड मॅन इन द कोरान' या ग्रंथात शब्द सुटा न वाचता त्याच्या सोबतच्या शब्दांसह वाचला. आपणही तेच करायचं. वहीत दोन रकाने आखा: मूळ शब्दाचे कोणते गुण रूपकात आले, कोणते मागे राहिले. इथे कमी-जास्त होणं आलं. जागा आणि दोन्हीकडची समानता मागे राहिली.

'विसंगती' हा शब्द मी खोडला नाही, त्याच्यापुढे फक्त लिहिलं: 'माझ्या व्याख्येत'. तुमच्या विषयातला असा एखादा ओळखीचा शब्द आज तपासून बघा.