प्रॉक्सी सर्व्हर कां थकतो ?

शाळेंत इंटरनेट मंद झालें कीं पहिला आळ मुलांवर येतो. "तुम्हीच चित्रपट पाहत असाल," असें म्हणून आम्हीं दोन वर्गांचा संगणकाचा तास आठवडाभर बंद ठेविला. मग खरा दोष सांपडला. तो कसा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे मध्यस्थ यंत्र. मुलांची मागणी तें आपल्याकडे घेतें, मना केलेल्या स्थळांच्या यादीशीं ताडून पाहतें, आणि मगच बाहेरून पान आणून देतें. आमच्या यंत्रावर हें काम स्क्विड नांवाचा, १९९६ पासून चालत आलेला प्रोग्रॅम करतो.

प्रथम 'टॉप' ही आज्ञा देऊन पाहिलें. वरच्या ओळींत प्रोसेसर सुमारें २५ टक्केच गुंतलेला दिसला, व आम्ही निश्चिंत झालों. येथेंच आम्ही फसलों ! यंत्रास ४ कोर. परंतु स्क्विडचें मुख्य काम, वेगळी सूचना न दिल्यास, एकाच कोरावर चालतें. खालीं त्याच्या नांवापुढें १०० हा आंकडा होता. एकटा राबत होता, तिघे बसून होते. ३.२ या आवृत्तीपासून (२०१२) हें काम अनेक कोरांत वांटतां येतें खरें. पण कारण न शोधतां मजूर वाढविणें आम्हांस रुचलें नाहीं.

नंतर मागण्यांची नोंदवही चाळली. मागण्या नेहमींइतक्याच, चित्रपटाचें नांव नाहीं. दोष होता यादींत. हजारों मना केलेलीं स्थळें आम्हींच 'रेजेक्स' नमुन्यांच्या रूपानें लिहिलीं होतीं, आणि प्रत्येकाच्या मागेंपुढें 'वाटेल तीं अक्षरें' अशा अर्थाचें अनावश्यक चिन्ह जोडलें होतें. अशा यादींत प्रत्येक पत्ता नमुन्यांशीं ताडावा लागतो. मना केलेला पत्ता कोठें तरी जुळून थांबतो. निर्दोष पत्ता मात्र कशाशींच जुळत नसल्यानें त्याच्यासाठीं यादी शेवटपर्यंत पाहावी लागते. म्हणजे मुलें जितकीं सरळ वागत, तितका यंत्रास श्रम अधिक ! तेंच 'डीएसटीडोमेन' या नियमाखालीं नुसतें स्थळाचें नांव लिहिलें, तर नांवें झाडाच्या फांद्यांप्रमाणें मांडलीं जातात, व शब्दकोशांत शब्द शोधावा तसें थोडक्या तुलनांत काम भागतें.

यादी लहान असूनही आंकडा चढलेला असेल, तर दोष शोधण्यासाठीं वाढविलेली नोंदींची पातळी तशीच राहिली आहे काय, हें पाहावें. नोंदी लिहितां लिहितांच स्क्विड दमतो.

आम्हीं यादी नव्यानें लिहिली आणि १०० चा आंकडा झपाट्यानें उतरला. दुसऱ्याच दिवशीं दोन्ही वर्गांचा तास सुरू केला, व आरंभीं मुलांची क्षमा मागितली.