सूत्रधाराच्या जागी यंत्र

रोल-प्लेइंग गेम, खेळणाऱ्यांच्या भाषेत आरपीजी, हा व्हिडिओ गेमचा असा प्रकार आहे की त्यात खेळणारा एका पात्राचे सोंग घेतो आणि खेळ पुढे सरकेल तसे ते पात्र घडत जाते. बंदुकीच्या खेळात नेम लागतो, शर्यतीच्या खेळात हात चालावा लागतो. आरपीजीत बहुतेक वेळा या दोन्हींवाचून भागते. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी, बोलण्यातली चतुराई हे सारे आकड्यांत मांडलेले असते. कामगिरी पार पडली की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पात्र वरच्या लेव्हलला चढते आणि काल न झेपणारा शत्रू आज झेपतो. आकड्यांचा हा सांगाडा जवळपास सगळ्या आरपीजीत सारखाच असतो. तरीही काही खेळ तीस-तीस वर्षे लोकांच्या मनातून उतरत नाहीत आणि बाकीचे शेकडो विसरले जातात. फरक पाडणारी गोष्ट वेगळीच आहे: खेळणाऱ्याने आपल्या मनाने काही केले, तर समोरचे जग त्याची दखल घेते की नाही.

हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. दोघेही मुळात युद्धाचे पटावरचे खेळ खेळणारे. त्यांनी पटावरच्या फौजेच्या जागी एकेकटा माणूस आणला, त्याला नाव-गाव दिले. टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकापुढे आपल्या पात्राचा कागद, वीस बाजूंचा फासा आणि एक जण ‘डन्जन मास्टर’. मास्टर प्रसंग सांगतो: समोर बंद दार आहे, आत कोणीतरी कण्हते आहे. खेळणारे दार फोडतील, हाक मारतील किंवा पाठ फिरवून निघून जातील. कोणी काहीही अचाट केले, तरी मास्टरला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते.

मराठी मुलखाला ही रीत परकी नाही. १८४२ साली उत्तर कन्नड भागातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचा खेळ पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना मराठीत असे काही करायला सांगितले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगले. या नाटकांत पद्ये सूत्रधार म्हणे. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत. कथानक आणि प्रसंग ठरलेला, पण रावणाने धनुष्य उचलण्यापूर्वी किती बढाया मारायच्या हे रावण करणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून. देवपार्टी नम्रपणे बोले, राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत येई, आणि गाडी भलतीकडे निघाली की सूत्रधार पुढचे पद उचलून सगळ्यांना रुळावर आणी. डन्जन मास्टर हेच करतो. त्याच १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. बेळगावला सरकारी कचेरीत नोकरी करीत असतानाच त्यांचा नाटकाचा नाद पिकला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, तेव्हा सूत्रधाराचे काम नांदी-प्रस्तावनेपुरते उरले होते. पात्रे स्वतः गाऊ लागली आणि त्यांची भाषणे आधी लिहून ठरलेली होती. नाटक बांधेसूद झाले. नटाची मुभा गेली.

भावे आणि किर्लोस्कर यांच्यातील हे अंतर लक्षात ठेवले, तर आरपीजीचा पुढचा अर्धशतकाचा इतिहास समजायला सोपा जातो. अमेरिकेत आणि जपानमध्ये या दोघांचे नाव कोणी ऐकलेले नव्हते हे उघड आहे, पण पेच तोच होता. संगणकाला ऐनवेळी सुचत नाही. डन्जन मास्टरच्या खुर्चीत यंत्र बसवायचे, तर खेळणारा काय काय करील याचा अंदाज आधीच बांधून ठेवावा लागतो. कारागिरी इथेच लागते.

सुरुवातीच्या संगणकीय आरपीजींनी हा पेच टाळला. १९८१च्या ‘विझर्ड्री’त आणि पहिल्या ‘अल्टिमा’त भुयारे, राक्षस आणि खजिना यांचीच गर्दी होती. लोकांची घरे लुटून, वाटेत येईल त्याला मारून खेळणारा शेवटी नायकच ठरे. ‘अल्टिमा’चा कर्ता रिचर्ड गॅरियट याला हे खटकले. १९८५च्या ‘अल्टिमा ४’मध्ये मारण्यासाठी कोणी मुख्य खलनायकच नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे, एवढेच साध्य. ही कल्पना गॅरियटने हिंदू परंपरेतून उचलली होती. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटातही शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असतात. फक्त तिथे कवड्या पडतील तसे जावे लागते, माणसाच्या हाती काही नसते. ‘अल्टिमा ४’ने ते हाती दिले. या खेळात जादूसाठी लागणारी जडीबुटी विकणारी बाई आंधळी असते. ती भाव सांगते, पण हातावर किती नाणी ठेवायची हे खेळणाऱ्यानेच आकडा टाकून ठरवायचे. एक नाणे दिले तरी ती माल देते, ओरडत नाही, शिपाई बोलावत नाही. सत्याचा आकडा मात्र आतल्या आत घसरतो, आणि पुष्कळ पुढे, सत्याच्या देवळात दाद लागत नाही तेव्हा, खेळणाऱ्याला ती बाई आठवते. आरपीजी हे निव्वळ हाणामारीचे साधन नाही हे या एका दुकानाने दाखवले.

जपानने किर्लोस्करांची वाट धरली. युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने १९८६ मध्ये आरपीजी घरोघरी नेला, आणि पाठोपाठ १९८७ साली हिरोनोबू साकागुची यांचा ‘फायनल फॅन्टसी’ आला. कथा लिहिलेली, संवाद ठरलेले, खेळणाऱ्याने त्या वाटेने चालायचे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधला राजा जग वाचवायला निघालेल्या वीराच्या हाती अवघी १२० नाणी टेकवतो आणि धर्मशाळेचे भाडेही वीरालाच भरायला लावतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे आरपीजीइतके स्पष्ट दुसरा कोणताही खेळ शिकवीत नाही. पहिले कित्येक तास थेंबांसारखे दिसणारे ‘स्लाइम’ मारून चार-चार पैसे जोडण्यात जातात. चाहते याला ‘ग्राइंड’ म्हणतात, आणि पुष्कळ आरपीजींचा हाच कंटाळवाणा भाग आहे. कथेला ओढ नसली की ग्राइंड नुसती वेठबिगारी वाटते.

ओढ असली की मात्र ठरलेली कथाही किती खोल जाते, याचे उदाहरण ‘फायनल फॅन्टसी ७’ (१९९७). निम्म्या वाटेवर एरिथ नावाची मुलगी मारली जाते. तोवर खेळणाऱ्याने तिच्यावर कित्येक तास खर्च केलेले असतात, तिची जादू वाढवलेली असते. ती सारी गुंतवणूक एका दृश्यात बुडते. कादंबरीत पात्र मेले तर दुःख होते. इथे पुढच्या लढाईत तिची रिकामी जागा प्रत्यक्ष जाणवते.

त्याआधी १९९५ मध्ये साकागुची, होरी आणि ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा यांनी मिळून ‘क्रोनो ट्रिगर’ केला. जपानी परंपरेतला सर्वांत देखणा खेळ म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. त्याची सुरुवात जत्रेत होते. चिंचली मायाक्काच्या किंवा सौंदत्तीच्या जत्रेत फिरणाऱ्या पोरासारखा नायक इकडेतिकडे उंडारतो. धक्का लागून एक मुलगी पडते, तिचे पदक उडते. एका बाकावर कोणाचे तरी जेवण ठेवलेले असते. ते खाल्ले तर पोट भरते. एका लहान मुलीचे मांजर हरवलेले असते. खेळणारा हे सारे सहज करतो किंवा करीत नाही. पुढे त्याच्यावर राजकन्या पळवल्याचा खटला चालतो, आणि कोर्टात साक्षीदार उभे राहतात: याने माझे जेवण खाल्ले, याने पडलेल्या मुलीला उठवण्याआधी पदक उचलले, याने माझे मांजर शोधून दिले. गंमत अशी की निकाल काहीही लागो, नायकाला तुरुंगात टाकतातच. कथेचा फाटा बदलत नाही, बक्षिसापुरता किरकोळ फरक पडतो. तरीही ज्याने हा खेळ एकदा खेळला, तो पुढच्या कोणत्याही खेळात बाकावरच्या डब्याला हात लावताना थबकतो. हजार फाटे लिहिण्यापेक्षा चार कृत्ये नेमकी लक्षात ठेवणे जास्त परिणाम करते, हे रचनाकारांना इथे उमगले.

पाश्चात्त्य शाखा भाव्यांच्या बाजूला झुकत गेली. ‘फॉलआउट’ (१९९७) आणि ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) यांनी एकाच अडचणीतून लढून, बोलून किंवा चोरवाटेने सुटण्याची सोय दिली. ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’मध्ये (१९९९) न मरणारा, स्मृती गेलेला नायक शवागारात जागा होतो आणि आपल्याच मागच्या जन्मांनी केलेली पापे निस्तरत हिंडतो. त्यातल्या लढाया सुमार आहेत हे चाहतेही कबूल करतात; खेळ उभा आहे तो बोलण्यावर. एस्टोनियातील लेखकांनी उभा केलेला ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) तर लढाईची व्यवस्थाच काढून टाकतो. दारूने डोके फुटायला आलेला पोलिस अधिकारी खानावळीच्या खोलीत शुद्धीवर येतो. त्याचा टाय पंख्यावर फिरत असतो. पात्राची सोसण्याची ताकद कमी ठेवली असेल, तर तो टाय ओढतानाच हृदय बंद पडून खेळ संपू शकतो. त्याची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यात आपापसांत भांडतात: एक म्हणते धमकाव, दुसरे म्हणते गयावया कर. ज्या शहरात हे घडते ते फसलेल्या क्रांतीनंतर परक्या सत्तांच्या ताब्यात गेलेले आहे. ‘आपण नक्की कोणाचे’ हा प्रश्न तिथला भाजीवालाही बाळगून असतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या बेळगाव-निपाणीच्या वाचकाला हे वातावरण समजावून सांगावे लागणार नाही.

पोलंडच्या ‘द विचर ३’मध्ये (२०१५) दोन राज्यांच्या युद्धात तुडवला गेलेला वेलेन नावाचा प्रदेश येतो. तिथल्या एका दारुड्या सरदाराच्या मारहाणीमुळे त्याच्या बायकोचा गर्भ पडलेला असतो आणि न पुरलेले ते अर्भक पिशाच होऊन रात्री हिंडते. नायक त्याला तलवारीने मारू शकतो. किंवा सरदाराला ते उचलून घरी न्यायला लावतो, नाव द्यायला लावतो आणि उंबऱ्याखाली पुरायला लावतो. मग तेच पिशाच घराचे राखणदार होते. हा विधी पोलिश रचनाकारांनी स्लाव लोककथांच्या मातीतून घेतला आणि जगभर कोणालाही तो परका वाटला नाही. याच सरदाराचे पुढे काय होते, ते खेळणाऱ्याने दुसऱ्याच एका टेकडीवर, दुसऱ्याच कामात घेतलेल्या निर्णयावर ठरते. तो निर्णय घेताना त्याचा सुगावाही लागत नाही.

सीमाभागाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण चेक रचनाकारांच्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’चे (२०१८) आहे. काळ १४०३, स्थळ बोहेमिया. राक्षस नाहीत, जादू नाही. नायक लोहाराचा निरक्षर पोर. तो पुस्तक उघडतो तेव्हा पडद्यावर शब्दांतील अक्षरे उलटीसुलटी होऊन दिसतात. गावातल्या लेखनिकाकडे शिकवणी लावली, सराव केला, की ओळी हळूहळू सरळ होत जातात. वाचता न येणे म्हणजे काय, हे साक्षर माणसाला त्या क्षणी कळते. ज्याला फक्त देवनागरी येते आणि ज्याच्यापुढे कचेरीत कन्नड अर्ज ठेवला जातो, त्याला ते आधीच ठाऊक असते.

महाराष्ट्रात या प्रकाराच्या सर्वांत जवळ गेलेला खेळ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही मंडळींनी तो पुरा केला आणि ऑगस्ट २०२०मध्ये बाहेर आणला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळाले. डोंबाऱ्याच्या खेळातली राजी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते, दुर्गा तिला त्रिशूळ देते, कथा विष्णू आणि दुर्गा सांगतात. म्हणजे सूत्रधार आहे, तोही साक्षात देव. निवड मात्र नाही: राजी ठरल्या वाटेनेच जाते. म्हणून तो साहसकथेत मोडतो. राजस्थानी महालांची कलाकुसर आणि छायानाट्याची दृश्ये पाहण्यासारखी असली, तरी खेळ संपल्यावर ‘आपण वेगळे काय केले असते’ हा प्रश्न उरत नाही.

सीमाभागात सोंगाची हौस भरपूर आहे. दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात. वैशाखात तिथीच्या शिवजयंतीनंतर निघणाऱ्या चित्ररथांच्या मिरवणुकीत पोरे मावळे होऊन सजीव देखाव्यात रात्र जागवतात. देखाव्यातल्या अफझलखानाला मात्र वाचण्याची मुभा नसते. आरपीजीला लागणारे, दोन बाजू असलेले कथानक वेगळीकडे आहे. १६७८ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेला बैलहोंगलजवळच्या बेलवडीच्या देसाईणीने झुंजवले. मराठी परंपरेत ती सावित्रीबाई, कन्नड परंपरेत मल्लम्मा. याच लढाईत एक बाजू निवडून उतरायचे, आणि दुसऱ्यांदा खेळताना दुसरी, अशी सोय आरपीजी देऊ शकतो. १९८१चे निपाणीचे तंबाखू आंदोलन, शेतकऱ्यांनी अडवलेला महामार्ग, भाव पाडणारे व्यापारी हा तर पैशाचे सोंग न आणता येण्याचाच विषय आहे.

भांडवल आड येते हे खरे, पण पूर्वीइतके नाही. ‘अंडरटेल’ (२०१५) या खेळात एकाही शत्रूला न मारता शेवट गाठता येतो, आणि मारले तर पुन्हा नव्याने सुरू करूनही खेळ ते विसरत नाही. तो मुख्यतः टोबी फॉक्स या एकट्याने केला. ‘टू द मून’ (२०११) हा ‘आरपीजी मेकर’ या तयार साधनावर झाला. मराठी-कन्नड खेळाला एक जुनी अडचण होती: अशा साधनांत जोडाक्षरे फुटत, वेलांट्या भलत्याच जागी पडत. मार्च २०२३मध्ये आलेल्या ‘गोडो ४’ या मोफत साधनात दोन्ही लिप्या सरळ उमटतात. आता लागतात ते संवाद, आणि ते लिहिणारे.